पाच शर्टांची कथा

कथेचं विश्लेषण कसं करावं हे मी एकतीस वर्षं शिकवलं. कोलोनच्या एका शाळेत, जर्मन पोरांना, त्यांच्याच भाषेत, दर वर्षी तेच. कथा दोनदा वाचा, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सुरुवातीला शीर्षक, लेखक आणि विषय एका वाक्यात. मग सारांश, आणि तो वर्तमानकाळात. बाई रडली म्हणायचं नाही, बाई रडते म्हणायचं. मग निवेदक कोण, तो किती जवळून बघतो, पात्र बदलतं की आहे तिथंच राहतं, कुठली वस्तू पुन्हा पुन्हा येते. प्रत्येक विधानाला ओळीच्या क्रमांकाचा पुरावा. आणि फळ्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात: लेखक आणि निवेदक यांची गल्लत करू नका. कथेतली बाई म्हणजे लिहिणारी बाई नव्हे. नियम बरोबर आहे, मी आजही तो खोडणार नाही. निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी हातात फुलं देऊन सांगितलं की या शाळेतल्या कितीतरी मुलांना हिनं वाचायला शिकवलं. मी आभार मानले आणि केक खाल्ला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो कसा असतो, हे त्या समारंभात कशाला सांगत बसायचं!

मी ज्या वर्षाबद्दल लिहितेय, त्या वर्षी मी सोळाची होते. आम्ही वोल्फ्सबुर्गला राहत होतो, आणि माझी आई बाबांना सोडून जायच्या बेतात होती. तिचं सगळं ठरलं होतं. मी तिच्याबरोबर येईन की नाही, एवढंच ठरायचं राहिलं होतं. ते तिनं मला विचारलं, पण तोंडानं नाही. एक कथा लिहून विचारलं. आणि मी त्या कथेचं विश्लेषण केलं.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, मोटारींच्या कारखान्याच्या बसच्या थांब्यासमोर. पाळी बदलायची वेळ झाली की खाली बसगाड्यांचे दरवाजे फुसफुसायचे आणि पाच मिनिटांत पुन्हा सगळं चिडीचूप व्हायचं. गाडी नसलेल्या माणसाला त्या गावात फार काही नव्हतं, आणि आईला गाडी चालवता येत नव्हती. ती साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची, एम.ए. होती, लग्न करून इथं आली आणि मुकी झाली. मुकी म्हणजे खरोखरच. पहिल्याच आठवड्यात कुकरची शिट्टी झाली आणि खालच्या मजल्यावरची बाई घाबरून वर आली. त्यानंतर आईनं शिट्टी होऊच दिली नाही. मसुराची आमटी पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून, दीड दीड तास शिजवायची. पोह्यांवर कोथिंबिरीऐवजी पार्सली, रविवारी क्वार्क, म्हणजे इथलं घट्ट दही, फडक्यात टांगून त्याचं श्रीखंड. दुपारी घरात कोणी नसलं की ती स्वयंपाकघरात उभी राहून जुने दिवाळी अंक मोठ्यानं वाचायची. शाळेतून लवकर आले की दाराबाहेर मला ते ऐकू यायचं. मी किल्ली लावली की थांबायचं. ती कोणाला वाचून दाखवते, असं मी एकदा विचारलं होतं. "मला," ती म्हणाली. "कान विसरायला नकोत."

बाबा वाईट माणूस नव्हते, असं सगळे म्हणतात आणि मीही पुष्कळ वर्षं म्हणत आले. हात उचलत नव्हते, पीत नव्हते, सुट्टीत आम्हाला समुद्रावर न्यायचे. ते फक्त हसायचे. आईनं दुधाला "डी मिल्श" म्हणायच्या जागी, शब्दाचं लिंग चुकवून, "डेर मिल्श" म्हटलं, ते दर पाहुण्याला रंगवून सांगायचे. मग पाहुणे हसायचे, आईही हसायची, आणि मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. मी पहिलीत असताना कुणा बाईंनी त्यांना सांगितलं होतं की घरात जर्मन बोला, नाहीतर मुलगी मागं पडेल. बाबांनी तो कायदाच करून टाकला. जेवणाच्या टेबलावर फक्त जर्मन. आईनं चुकून "अहो, भात घेता ना?" म्हटलं की ते हातातला चमचा ताटावर वाजवून म्हणायचे, "डॉइच, बिटे." म्हणजे जर्मनमध्ये बोल. मग आई विचारायचीच नाही, सरळ वाढायची. दहा वर्षं ती बाई आपल्याच घरात न बोलता जेवली. मराठीला जागा उरली ती स्वयंपाकघरात, आणि तिथंही ती मराठीत बोलायची आणि मी जर्मनमध्ये उत्तर द्यायचे. रविवारी सकाळी अर्धा तास ती मला वाचायला शिकवायची. मला वाचता यायचं, ओळीखाली बोट धरून, गावाला आलेल्या माणसानं पाट्या वाचाव्यात तसं.

शाळेत माझं जर्मन चारावर अडकलं होतं. जर्मनीत गुण उलटे धावतात. एक म्हणजे सर्वोत्तम, आणि सहा म्हणजे घरी बसा. चारावर राहिले तर ओबरस्टुफेत, म्हणजे अकरावीत, जायचे वांधे होते; तिथं गेल्याशिवाय विद्यापीठ नाही, आणि विद्यापीठ नाही तर बाबांच्या लेखी मी नाही. आमच्या फ्राऊ लिंडेमान भल्या बाई होत्या. त्यांनी मला वर्ग सुटल्यावर थांबवलं आणि म्हणाल्या, तू तुझ्या मायदेशातली एखादी लघुकथा निवड, जर्मनमध्ये भाषांतर कर आणि तिचं विश्लेषण लिही. चांगलं झालं तर मला तुला वर ओढता येईल. माझा जन्म वोल्फ्सबुर्गच्या दवाखान्यातला. मायदेश म्हटल्यावर मला आधी कळेचना कुठला. पण नोट, म्हणजे गुण, सुधारणार होती, म्हणून मी हो म्हटलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती इस्त्री करत होती. इस्त्री उचलायला विसरली आणि शर्टाच्या बाहीतून वाफ येत राहिली. "छोटी कथा हवी ना?" तिनं विचारलं. "आणि तू एकटीच वाचणार? बाबा नाही?" मी म्हटलं, शाळेचं काम आहे, बाबांना काय करायचंय. "देते एक," ती म्हणाली. "आठ दिवस दे मला."

आठव्या दिवशी तिनं चार पानं हातात ठेवली. शाईनं, तिच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात, एकही खाडाखोड नाही. लेखिकेचं नाव नव्हतं. कोणाची कथा आहे, मी विचारलं. "आहे एक ओळखीची बाई," ती म्हणाली. मी अंकातून उतरवून काढलीय असं समजले. पुढचे पंधरा दिवस ती रोज विचारायची, "वाचलीस?" आणि मी म्हणायचे, "जा, जा," म्हणजे जर्मनमध्ये हो, हो. "पूर्ण?" "जा, मामा." मग ती क्षणभर माझ्या तोंडाकडे बघायची. मला त्या बघण्याचा राग यायचा. भाषांतराला मदत करू का, असं तिनं एकदाही विचारलं नाही, आणि मीही मागितली नाही. तिच्या मदतीनं जर्मन सुधारायचं म्हणजे उलटी गंगाच, असं मला तेव्हा वाटायचं. कोश काढून मीच बसले.

कथा अशी होती. परक्या गावात एक बाई. बाहेर बर्फ. ती नवऱ्याचे पाच शर्ट इस्त्री करते, सोमवारचा, मंगळवारचा, शुक्रवारपर्यंतचे, आणि ओळीनं अडकवते. खिडकीतल्या कुंडीला पाणी घालते, नेहमीपेक्षा जास्त. चुलीचं बटण बघते. घरातल्या चपला काढून बूट घालते आणि चपला दाराशी न ठेवता कपाटात ठेवते. नवरा पेपर वाचत असतो. दारातून ती म्हणते, "जाते मी." नवरा पेपराआडून म्हणतो, "येताना दूध आण." ती दार ओढून घेते. संपलं.

मी काय लिहिलं ते मला पाठ आहे, कारण अशी चीज माणूस पुन्हा लिहीत नाही. पाच शर्ट म्हणजे न संपणारा आठवडा. पेपर म्हणजे नवरा-बायकोतली भिंत. बर्फ म्हणजे गोठलेलं नातं. बर्फाला दुसरं काय काम असतं शाळेत! चपला कपाटात ठेवल्या म्हणजे बाई टापटिपीच्या पार आहारी गेलेली आहे. आणि मग माझा हुकमी एक्का. लघुकथेचा शेवट मोकळा असतो असं फ्राऊ लिंडेमान शिकवायच्या. मी धीट होऊन लिहिलं की इथला शेवट मोकळा वाटतो, पण नाही. "येताना" हा शब्द पुरावा. बाई परत येणार, दूध आणणार, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पाच शर्ट. "जाते मी" याचं भाषांतर मी केलं होतं, "इश गे माल", म्हणजे जरा जाऊन येते. ही बाई स्थिर पात्र आहे, तिच्यात घर सोडण्याची ताकद नाही, आणि लेखिकेला तिची ही दुर्बलता दाखवायची आहे. सात पानं. प्रत्येक विधानाला ओळीचा क्रमांक.

मला एक मिळाला. वर्गात त्या वर्षी एकच एक, आणि तो मला. फ्राऊ लिंडेमाननी शेवटचा परिच्छेद वर्गाला वाचून दाखवला. मी घरी पळत आले. आई दारातच उभी होती, आणि मी ओरडले, "आइन्स!" तिनं मला जवळ घेतलं. "मग काय लिहिलंस?" म्हणाली. मी म्हटलं, ते फार अवघड जर्मन आहे.

पुढच्या आठवड्यात एल्टर्नश्प्रेखटाग होता. त्या दुपारी आईबापांनी शाळेत जाऊन शिक्षकांना भेटायचं असतं. एरवी बाबा एकटेच जायचे; या वेळी आई निळी साडी नेसून निघाली. लहान खुर्च्यांवर आम्ही तिघं बसलो. फ्राऊ लिंडेमान बाबांशी बोलत होत्या, आणि अधूनमधून आईकडे बघून शब्द सुटे सुटे करून मोठ्यानं म्हणायच्या, जणू तिला ऐकू कमी येतं. त्यांनी माझा निबंध काढला आणि म्हणाल्या, मोठ्या माणसालाही हे दिसलं नसतं. आपल्याला वाटतं बाई निघाली, पण तुमच्या मुलीनं दाखवून दिलं की ती निघूच शकत नाही. बाबांचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. ते आईकडे वळले आणि, कायदाबियदा विसरून, भर शाळेत मराठीत म्हणाले, "कळलं का? ती कथेतली बाई कुठंही जाणार नाहीये. आपल्या पोरीनं सिद्ध केलंय. पुराव्यानिशी!"

आई माझ्याकडे बघत होती.

"कोणाची गं ही कथा?" बाबांनी विचारलं. "चांगली असणार. नाव काय बाईचं?"

"वाइस निश्ट," आई म्हणाली. माहीत नाही. एकही चूक न करता म्हणाली. फ्राऊ लिंडेमाननी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, किती छान जर्मन बोलता तुम्ही.

गाढवाला गुळाची चव काय, असं आपण म्हणतो आणि दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्या खोलीत आम्ही तिघं होतो, ज्यांना कथा कळली होती. बाईंना भाषांतरातून, बाबांना ऐकून, आणि मला पुराव्यानिशी. फ्राऊ लिंडेमानवर मी फार वर्षं डूख धरून होते. पण त्यांचा काय दोष? त्यांच्या हातात मी दिलेलंच वाक्य होतं.

शनिवारी सकाळी बाबा गाडी धुवायला खाली गेले. आई स्वयंपाकघरात क्वार्क टांगत होती. मी टेबलाशी बसून ब्रोटशेन, सकाळचा पाव, खात होते. मी तिला म्हटलं, जर्मनमध्येच, की त्या तुझ्या ओळखीच्या बाईला कळव ना, तिच्या कथेला एक मिळाला.

"कळलंय तिला," आई म्हणाली. तिनं हात पुसले, खोलीतून ती चार पानं आणली आणि शेवटचं माझ्यापुढं ठेवलं. "हे वाच. मोठ्यानं."

मी बोट धरून वाचलं. "जाते मी."

"तू शाळेत निघताना मला काय म्हणतेस?"

"च्युस."

"ते झालं त्यांचं. मी काय शिकवलं होतं?"

मला आठवायला वेळ लागला. "येते," मी म्हटलं.

"का येते? जातेस तर."

मला ठाऊक नव्हतं. लहानपणी पाठ केलेलं, त्याचा अर्थ कोण विचारतं.

"आपल्यात दारातून निघताना जाते म्हणत नाहीत," आई म्हणाली. वर्गात सांगावं तसं, शांतपणे. "समोरच्या दुकानात जायचं असलं तरी येते म्हणायचं. जाते म्हणालीस तर आजी तुला दारातून परत बोलावून, पाट मांडून बसवेल, पाणी देईल आणि पुन्हा येते म्हणायला लावेल. माझ्या आईनं जन्मात कधी जाते म्हटलं नाही. मीही म्हटलेलं नाही. ज्या बाईला परत यायचं नाही, तीच एक बाई जाते म्हणते. बाकी सगळं, ते शर्ट, ती कुंडी, ते उगाच आहे गं. मला तेवढा एक शब्द लिहायचा होता."

मी पानाकडे बघत होते. "पण नवरा म्हणतो, येताना..."

"त्याला ऐकू नाहीच आलं. तेच तर आहे. त्याला येणार नाही, हे मला ठाऊक होतं. तुला येईल असं वाटलं."

मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारायचा नाही असं मला शिकवलं होतं. "बिस्ट दू दास?" ती तू आहेस का?

आईनं होकारार्थी मान हलवली आणि माझ्यासमोर बसली. कुमुदमावशी तिची कॉलेजमधली मैत्रीण, कोलोनला राहायची. तिथल्या एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम होतं. मावशीनं शब्द टाकला होता. वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती, दोन खाटांची. शाळा जवळ होती, मावशी चौकशी करून आली होती. ईस्टरच्या सुट्टीत निघायचं. हे सगळं तिनं भराभर, खालच्या आवाजात सांगितलं, कान जिन्याकडे ठेवून. तिला मी इतकं सलग बोलताना क्वचितच ऐकलं असेल. बोलताना तिचे गाल लाल झाले होते, आणि ती माझ्याहून फार मोठी नाही, असं मला वाटलं. आता हिशेब केला तर तेव्हा ती बेचाळीसची होती. "निबंधाचं ऐकून वाटलं, तुला माझ्यात ताकदच दिसत नाही," ती म्हणाली. "तुझं खरंही असेल. पण मी लिहिलं होतं ते वेगळं होतं. म्हणून म्हटलं, एकदा सरळ विचारावं. येशील?"

इथं मला थांबून सांगायला हवं की कथा मला कळली नाही, याचं दुःख मी आयुष्यभर मिरवलं. मित्रमैत्रिणींना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, एकदा वर्गातही, नावं बदलून. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. भाषा तुटलेली पोर, एका शब्दाला मुकलेली. सुंदर दुःख आहे ते. मी तिथंच थांबायचे, कारण पुढचं सुंदर नाही. शब्द मला त्या शनिवारी कळला होता. पूर्ण कळला होता, मराठीतून, लिहिणारीच्या तोंडून. सगळ्या जगात असं विश्लेषण कुणा विद्यार्थ्याच्या वाट्याला आलं नसेल. आणि त्यानंतर माझ्या तोंडून जो पहिला प्रश्न निघाला, तो मी आजवर कोणालाही सांगितलेला नाही.

मी माझ्या एकाचा विचार करत होते. भाषांतर चुकलं म्हणजे निबंधच चुकला. निबंध चुकला म्हणजे नोट गेली, आणि नोट गेली की चार, आणि चार म्हणजे अकरावी नाही. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात झालं. त्या खोलीचा, त्या दोन खाटांचा विचार माझ्या मनात अजून यायचा होता. आई टेबलावर हात ठेवून वाट बघत होती.

"तू हे फ्राऊ लिंडेमानना सांगणार नाहीस ना?" मी विचारलं. आणि ते मात्र मी मराठीत विचारलं, तिला नीट कळावं म्हणून.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग ती चार पानं उचलून तिनं त्यांच्या कडा टेबलावर आपटून सरळ केल्या.

"नाही गं," ती म्हणाली. "कोणालाच नाही सांगणार."

त्यानंतर ती चोवीस वर्षं जगली, त्याच घरात, बाबांचे शर्ट इस्त्री करत, आणि तिनं कोणालाही सांगितलं नाही.